छाट

फॉर्म भरताना तिनं विचारलं, सर, इथं काय लिहू?
म्हटलं, 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' वर टिचकी मार.
नागमणी येमूल, अशोक चौकाच्या मागे, तिसरा बोळ,
पुण्याला एकदाच गेलेली, तेही लग्नाला,
क्षणात आंतरराष्ट्रीय झाली
आणि उठून गॅसवरचं दूध उतरवून आली.

तीन वर्षांची बी.कॉम., चोपन्न टक्के.
त्यांना हवीत चार वर्षं, किंवा साठ टक्के,
किंवा मग आमचा पूर्वतयारीचा कोर्स :
बारा आठवडे, तीन निबंध, आणि एक कबुली
की ही वाक्यं माझीच आहेत.

मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर काढली.
आता रात्री दहानंतर पडद्यावर शिकवतो.
एका चौकोनात नैरोबीची नर्स,
एकात काठमांडूचा ओव्हरसियर, आपल्यापुढं पंधरा मिनिटं,
आणि एकात नागमणी, माइक बंद करून,
कारण मागं आई पानं कातरते
आणि कात्री काही केल्या इंग्रजी ऐकून थांबत नाही.

पहिल्या निबंधात तिचं एकही मत नव्हतं.
एक लेखक असं म्हणतात. दुसरे तसं म्हणतात.
मी समासात लिहिलं : तुला काय वाटतं?
दोन दिवस काही नाही.
मग मेसेज : सर, याला मार्क आहेत का?

विद्यापीठातून गुणपत्रकं आणली,
बंद लिफाफा, जोडावर सही, वर शिक्का.
भावानं कौतुकानं फोडून पाहिला.
पुन्हा फी. पुन्हा आठ दिवस. पुन्हा तीच खिडकी,
'जेवणानंतर या.'

तिकडून कळलं, दोन विषय धरले नाहीत.
आई सुपावरून मान न उचलता म्हणाली,
"छाट काढली म्हण की."
मग मला, पडद्यातल्या मला, सांगू लागली :
चेकर कट्टा सोडतो, चिमटीत धरतो,
नाकानं ठरवतो आणि बाजूला टाकतो.
टाकलेली बिडी परत मिळत नाही,
कोण ओढतं ती, देव जाणे.
"हजारात साठ काढली तर मी भांडते.
ही भांडली का?"

भांडलो. दोन पत्रं लिहिली.
एक विषय परत मिळाला.

तिसरा निबंध तिनं छाटीवर लिहिला.
रात्री दीडला विचारते, संदर्भ काय देऊ?
पुस्तकात हे कुठंच नाही, आई म्हणते एवढंच.
म्हटलं, त्यालाही पद्धत आहे :
आडनाव, नाव, व्यक्तिगत संवाद, तारीख.
एवढ्यात बोळात पाणी आलं, पाचव्या दिवसाचं,
माइक चुकून चालू, घागरी, आरडाओरडा,
नर्सनं काळजीनं विचारलं, सगळं ठीक ना?
पाणी, मी म्हटलं. ती हसली. आमच्याकडं गुरुवारी.

निकाल अजून यायचाय.
आईनं मात्र शेवटचं पान वाचायला लावलं.
येमूल, नरसम्मा.
पुन्हा वाच म्हणाली.
मग म्हणाली, आडनाव आधी कशाला?
ते तर तुझ्या बापाचं.