शून्यावर संपणारे आकडे

काशेवाडीच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर,
लसीकरणाचे खोके भिंतीशी सरकवून
आम्हा अकराजणींना बसवलं.
पंखा एकच, तोही प्रशिक्षकाच्या डोक्यावर.

त्याचं नाव ईशान. वय
माझ्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी कमी.
म्हणाला, मावशी, घाबरू नका, टॅबलेट चावत नाही.
म्हटलं, बाळा, आम्ही गोळीलाच टॅबलेट म्हणतो,
तीही चावायची नसते, गिळायची असते.
हसल्या सगळ्या. मग तो शिकवू लागला.

पट्टा दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर.
पाय जमिनीला. पाठ टेकलेली. पाच मिनिटं गप्प.
पाच मिनिटं!
ओपीडीत तेवढ्यात मी चार दंड उरकते,
आणि गप्प बसणारा पेशंट
काशेवाडीत अजून जन्मायचाय.

पाऱ्याची पेटी कोपऱ्यात होती, झाकण लावून.
सव्वीस वर्षं तिच्यापुढे कान देऊन बसले.
पारा उतरायचा, मी लिहायची:
एकशेतीस, ऐंशी. एकशेचाळीस, नव्वद.
अख्ख्या वस्तीचं रक्त
शून्यावर येऊन थांबायचं,
कारण मागे रांग होती, आणि शून्य लिहायला सोपं.
हे मी ईशानला सांगितलं नाही.

नवं यंत्र असलं काही करत नाही.
एकशेसत्तेचाळीस म्हणजे एकशेसत्तेचाळीस.
बटण दाबलं की आकडा आपणहून उडी मारतो
टॅबलेटमध्ये, तिथून डॉक्टरबाईंच्या फोनवर.
मध्ये माझा हात कुठेच नाही.

नूरजहाँनं विचारलं, फोन नंबर कुणाचा घालायचा?
लोंढे आजींचा फोन मुलाकडे,
मुलगा चाकणला, दिवसा झोपलेला, रात्री मशीनवर.
‘आज गोळी घेतली का?’
हे त्यालाच विचारलं जाणार, आईला नाही.
ईशान बोलायचा थांबला. वहीत लिहून घेतलं त्यानं.
तेवढ्यानं मला तो आवडला.

मग सराव, एकमेकींच्या दंडांवर.
माझा कल्पनानं बांधला. पाच मिनिटं.
मी गप्प बसले, खरोखरची गप्प.
खाली भंगाराच्या पत्र्यावर घण पडत होता,
थोड्या वेळानं तोच दंडात ऐकू यायला लागला.

एकशेअडुसष्ट. एकशेतीन.
परत घे, म्हटलं. परत घेतला.
एकशेचौसष्ट.

पडद्यावर लाल चौकट: रुग्ण नोंदवायचा का?
बटणं दोनच. हो. नाही.
‘बघू पुढच्या वेळी’ हे तिसरं
रजिस्टरच्या समासात असायचं, पेन्सिलीनं.
किती जणांना दिलंय मी ते.

दहाजणी बघत होत्या.
समोशाचं खोकं कुणी उघडेना.
नाव: मंदाकिनी ओव्हाळ. वय: सत्तावन्न.
फोन नंबर माझाच घातला.

संध्याकाळी सेव्हन लव्हजच्या सिग्नलला
रिक्षात, पर्समध्ये काहीतरी थरथरलं.
सकाळी नमुना म्हणून मीच टाइप केलेला निरोप,
‘गोळि’ ऱ्हस्व, चुकून, तसाच:
आज गोळि घेतली का?

उद्या सुधारायला हवं, म्हटलं,
आणि रिक्षावाल्याला विचारलं,
वाटेत कुठलं मेडिकल उघडं असेल.