उष्टा प्रश्न

किसुमूच्या या कॉलेजात मला सोळा वर्षं झाली,
आणि सोळा वर्षं माझ्या टेबलावर जलपर्णी वाढते आहे.
'व्हिक्टोरिया सरोवरातील जलपर्णीचे परिणाम':
माशांवर, पाण्यावर, होड्यांवर,
आणि मासे, पाणी, होड्या संपल्या की
'एकंदरीत'.
वरचं नाव नवं, खाली प्रस्ताव तोच.
एकदा तर आभारही तसेच राहून गेले होते,
अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या प्राध्यापकांचे,
'त्यांच्या रोजच्या मार्गदर्शनाबद्दल'.

यंदा मी अख्खा गठ्ठा परत केला.
म्हटलं, उष्टं नको.
असं काही आणा जे तुम्हाला ठाऊक नाही,
मला ठाऊक नाही,
आणि ग्रंथालयातल्या त्या कुबट कपाटालाही नाही.
वर्ग गप्प. पंखा तेवढा फिरत होता.
मग ओमोलोने हात वर केला:
"मॅडम, येत नाही ते लिहायचं कसं?
परीक्षेत आम्ही तेच तर सोडून देतो."

हसले सगळे. मीही.
घरी जाताना मात्र ते वाक्य
चपलेत खड्यासारखं टोचत राहिलं.
रिकाम्या जागा भरा, रिकाम्या जागा भरा,
सहा वर्षांच्या पोरापासून हेच;
आणि आता विसाव्या वर्षी आपण म्हणतो,
भरलेल्या पानात रिकामी जागा शोध.

अपोंडी तीन आठवडे काहीच देईना.
तिची आई डुंग्याच्या किनाऱ्यावर ओमेना वाळवते,
बोटाएवढी चंदेरी मासळी;
पोरगी पहाटे ती पसरून वर्गात येते,
वहीच्या कडांना चमक लागलेली.
चौथ्या आठवड्यात दारातूनच म्हणाली,
"प्रश्न नाही सापडला.
नुसतं आईचं एक म्हणणं आहे."

पूर्वी होड्यांवर गॅसबत्त्या असायच्या,
पिवळ्या, फुसफुसणाऱ्या.
आता सौर दिवे, पांढरेफटक.
आई म्हणते, तेव्हापासून
जाळ्यात चिलटं जास्त, मासा बारीक.
बाबा म्हणतात, हिचे डोळे गेलेत.
"खरं कोण, ते मला माहीत नाही."

मी खुर्ची पुढे सरकवली.

आई चुकत असेल तर ते कशावरून कळेल?
एवढंच विचारलं, तर तिचा चेहरा उतरला,
जणू मी तिला घरातून काही चोरून आणायला सांगितलं.
दोन दिवसांनी कागद आला:
दोन होड्या, बारा काळोख्या रात्री,
दिवे रोज अदलाबदल करायचे,
'कारण बाबांची होडी नशिबाची आहे असं सगळे म्हणतात,
आणि नशीब मोजायचं नाही'.
खर्च: रॉकेल. बारीक जाळी, चार मीटर.
नावाड्यांचा चहा.
आईचं जागरण (रक्कम लिहून खोडलेली).

तिला मी सांगितलं नाही
की माझ्या पीएचडीचा प्रश्न मला कुणीतरी दिला होता,
परदेशातून, पाकिटात, टंकलिखित.
उत्तर चोख दिलं मी. शाबासकीही मिळाली.
प्रश्न मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे.

समितीचा शेरा काल आला:
'संदर्भ अवघे सात.
विषय जलपर्णीशी जोडता येईल का?'

उत्तर लिहायला बसले आहे.
खिडकीतून सरोवरावर चिलटांचे खांब उठलेले दिसतात,
पेटलेल्या गवताच्या धुरासारखे,
आणि इतकी वर्षं मी ते येताना पाहून
फक्त खिडकी लावत आले.

अपोंडी सही घ्यायला आली तेव्हा विचारलं,
आईला सांगितलंस?
"सांगितलं. हो म्हणाली.
म्हणाली, मी चुकले असेन
तर आधी मला सांग,
त्यांना नंतर."