वहीतलं पान

गायधनी गुरुजींनी गाव विचारलं.
पाडळी, म्हटलं, तालुका सिन्नर.
त्यांनी लाल फडक्यातून वही सोडली,
लांबट, आडवी, कडा उंदरांनी चाखलेल्या,
आणि भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवून
ते आमच्या घराण्यात शिरले.

मी अस्थी घेऊन आले होते. संगरच्या.
माझ्यासाठी नाही, वहिनीसाठी.
ती म्हणाली, तुम्ही मानू नका, नुसतं धरा.
म्हणून धरलं होतं मडकं
रिक्षात मांडीवर, द्वारकेच्या खड्ड्यांवरून,
एका हाताने झाकण दाबत,
जसं त्याचं डोकं धरायचे मी, न्हावी आला की.

आमच्या घरात देव्हारा नव्हता.
अण्णा नोटांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात.
दिवसभर उजेडापुढे कागद धरायचे
आणि रात्री जेवताना सांगायचे:
शाईला किंमत नसते, कागदाला नसते,
सगळ्यांनी एकदम मानली की असते.
देवाचंही तेच. फक्त
नोट खराब निघाली तर आम्ही ती जाळतो.
आणि हसायचे. स्वतःचं नाव त्र्यंबक,
हा त्यांचा आवडता विनोद होता.

परीक्षेच्या सकाळी मैत्रिणींचे हात जोडलेले,
माझे फ्रॉकच्या खिशात.
मिरवलं मी ते. कधी विचारलं नाही
हे माझं कसं झालं.
नाक त्यांचं, चष्म्याचा नंबर त्यांचा,
अविश्वासही त्यांचाच,
माप न घेता शिवलेला. अंगात बसला, घातला.

गुरुजींचं बोट थांबलं.
राघू घोलप. त्यांचे चिरंजीव गणपत. मोडीतल्या मुंग्या.
त्याखाली हिरव्या शाईत
त्र्यं. ग. घोलप.
प चं शेपूट मागे वळून अख्ख्या नावाखालून गेलेलं.
हीच सही माझ्या प्रगतिपुस्तकावर, वर्षातून चारदा.
साल एकोणऐंशी. श्रावण.
स्वतः आले होते, गुरुजी म्हणाले, आमच्या वडिलांच्या वेळी.
कशासाठी?
ते लिहीत नाहीत ताई. आलं कोण, एवढंच.

एकोणऐंशीच्या श्रावणात मी देवळालीच्या दवाखान्यात.
मेंदूज्वर. आठ दिवस मला कोणी ओळखीचं वाटत नव्हतं.
अण्णा स्टुलावर बसलेले असायचे.
एकदा त्यांची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती.
मी विचारलं असेल. नळ फुटला, म्हणाले असतील.
किंवा हे मी आत्ता रचते आहे, पान पाहून.
खूण आधी, आठवण मागून,
भाविकांचं असंच होतं,
तुम्हीच सांगायचात.

त्यानंतर पस्तीस वर्षं होतात तुम्ही.
एकदा तरी. मीठ मागता मागता.
तुमच्या भरवशावर मी नाही म्हणत आले सगळ्यांना,
आईच्या बाराव्यालासुद्धा.

अस्थी सोडल्या. क्षणभर पांढरं,
मग पाणी पाण्यासारखं.
वहिनी डोळे मिटून उभी. मी घड्याळ पाहिलं,
ते का पाहिलं, माहीत नाही.

मग कपालेश्वराच्या पायऱ्या चढले, एकटीच.
इथे नंदी नाही. इथे तो गुरू, म्हणतात,
म्हणून महादेवासमोर बसत नाही.
सांगायचं ते कानात सांगावं, तर कानच नाही.
तरी एक बाई वाकून
त्या मोकळ्या जागेशी काही बोलत होती,
हाताचा आडोसा करून, कोणी ऐकू नये म्हणून.
असेच का तुम्ही, अण्णा?
ओली विजार, हाताचा आडोसा?
मी वाकले नाही.
पण न वाकायला
आज पहिल्यांदा जोर लागला.

खाली गुरुजींनी पेन पुढे केलं.
संगरचं नाव लिहून झालेलं, खाली माझी सही हवी होती.
केली. शलाका त्र्यं. घोलप.
प चं शेपूट हात न विचारता मागे वळला,
वळू दिलं.

दक्षिणेला पाचशेची काढली,
सवयीने उजेडाकडे धरून पाहिली.
गुरुजींनी घेतली.
त्यांनीही पाहिली.