हाताहाता

वर्ग भरतो चटयावाल्याच्या दुकानावर.
जिना चढताना आधी ओल्या गवताचा वास,
मग रॉकेलच्या शेगडीचा,
मग सासामोरींच्या कोटाचा: मासळी, तंबाखू, डिझेल.
गुरुवार, संध्याकाळी सात. अकरा वर्षं.

दारात सपातांचे सात जोड.
एल्वुडला त्यातला एकही बसत नाही.
टाचा बाहेर ठेवूनच तो इथं शिकवत आलाय.

आम्ही सस्कॅचेवानच्या सपाट गव्हातून आलो,
दोन वर्षांसाठी म्हणून.
अकिताचा हा किनारा नकाशात
एल्वुडच्या अंगठ्याखाली झाकला गेला होता.

"काल काय केलंत?" मी विचारते.
"वॉज सी. वॉज कोल्ड," सासामोरी सांगतात.
"आय" राहिला, मी म्हणते.
ते मान खाजवतात.
त्यांच्या भाषेत माणूस स्वतःला
वाक्याबाहेर काढून ठेवतो,
दाराशी बूट काढावेत तसा.
आमचा "आय" मात्र खांबासारखा,
कायम कॅपिटल, देवाच्या बरोबरीनं.
हे मला या फळ्यासमोर उभं राहिल्यावर कळलं,
तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते.

दर ऑक्टोबरात मंडळीकडून कागद येतो.
बाप्तिस्मे किती?
पुढं चौकट, पोस्टाच्या तिकिटाएवढी.
एल्वुड शून्य काढतो,
पहिलीतल्या मुलासारखं, जीभ बाहेर काढून, गोल.
एकदाच एक लिहिला होता: ओइकावाबाई.
मार्चात नवऱ्याची सेंदाईला बदली झाली.
गेलेला एक वजा करायचा का,
हे कागदावर कुठं दिलेलं नाही.

नर्स मिनेको "प्रे" म्हणायला जाते, "प्ले" होतं.
"तुमचे मिस्टर जेवणाआधी खेळतात?"
हो, रोज.
दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.

त्या फेब्रुवारीत तिच्याच वॉर्डात होते मी, नऊ रात्री.
पाळणा आम्ही घेतलेला नव्हता, तेवढं बरं झालं.
डॉक्टर वाकून माफी मागत होते,
एल्वुडही वाकत होता,
दोघांपैकी आधी कोणी सरळ व्हायचं, ते ठरेना.
घरी आलो तर पायऱ्या स्वच्छ.
दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ,
मधोमध फावड्यानं कापलेली वाट,
आणि दाराच्या मुठीला पिशवी: तांदूळ, आलं, खारवलेले मुळे.
चिठ्ठी नव्हती.
पुढच्या गुरुवारी विचारलं, बर्फ कोणी काढला?
सासामोरी खिडकीकडं बघत म्हणाले,
"वॉज स्नो. नाऊ, नो स्नो."
कर्ता विचारायचा मला धीर झाला नाही.

काल डिसेंबरचा गडगडाट झाला.
वर्ग अर्ध्यावर थांबला, सगळे समुद्राकडं वळले.
असा आवाज झाला की तो मासा काठाशी येतो म्हणे.
सासामोरी उठले, माझ्या हातातला खडू घेतला,
फळ्यावर एक अक्षर काढलं, दोन तुकडे शेजारी शेजारी.
डावीकडं बोट: "फिश."
उजवीकडं बोट: "गॉड."
आणि मिळून?
"हाताहाता."
आम्ही म्हणालो. एल्वुडचं चुकलं.
"अगेन," ते म्हणाले, हुबेहूब माझ्या सुरात.
एल्वुड सांगणार होता, आमच्याकडंही फार पूर्वी,
भुयारांतल्या कबरींवर लोकांनी मासा...
मी त्याच्या कोपराला हात लावला.

आज तेच मासे त्यांनी आमच्या शेगडीवर भाजले.
पोटात गाभोळी, दाताखाली कुरकुरणारी,
हे त्यांनी आधीच खुणेनं सांगितलं.
एल्वुडनं डोळे मिटून उपकारस्तुती सुरू केली.
गेल्या वर्षभरात ती लांबत चाललीय,
कोणाकोणाची नावं त्यात येतात,
एक नाव असंही, जे कोणाला ठेवलंच गेलं नाही.
सासामोरी हात जोडून बसले होते,
त्यांच्या पद्धतीनं, चॉपस्टिक्स अंगठ्यांत धरून.
थांबले, थांबले.
मग हळूच म्हणाले,
"फिश विल बी कोल्ड."

भविष्यकाळ अगदी बरोबर होता.