खुणेचा शब्द

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली,
टॉडमॉर्डन, फेब्रुवारीतला गुरुवार.
खुर्च्या चोवीस, माणसं अकरा
आणि एक कुत्रा. हेस्टर म्हणाली,
'येऊ दे त्याला. तो निदान खोकत तरी नाही.'

पोस्टरवर माझं आडनाव पोटनिस.
चालतं. बँकेतही तेच आहे.

आठ दिवसांपूर्वी, तिच्या स्वयंपाकघरात,
चेलो गुडघ्यांत, पेन्सिल दातांत धरून
तिने विचारलं, मी सुरू कुठे करू?
तुझ्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही.
एक शब्द दे. दाराच्या कडीसारखा,
अंधारात हाताला लागेल असा.

मी म्हटलं, तरीही.
म्हणजे काय?
म्हणजे... सगळं सांगून संपल्यावर
जे ऐकत नाही, ते.

तिने स्वरांच्या कडेला रोमन अक्षरांत लिहून घेतलं,
'री'खाली दोन रेघा ओढल्या,
आणि कप विसळताना म्हणत राहिली
टरीही, टरीही.
'त' काही केल्या तिच्या दातांना लागेना.

कविता आईवरची.
चाळिशीत तिचे कान गेले.
कुरुंदवाडच्या पोस्टात दिवसभर शिक्के मारायची,
संध्याकाळी तंबोरा खोळीतून काढायची,
गाल भोपळ्याला टेकवून तारा लावायची.
षड्ज हाडातून येतो म्हणायची,
मुंगीसारखा, जबड्यातून वर.
मास्तर सांगत, अख्ख्या गावात
असा लागलेला तंबोरा दुसरा नाही.

मला लाज वाटायची.
मैत्रिणी आल्या की मी मधलं दार लावून घ्यायचे.
हे कवितेत नाही.

त्या रात्री एक दिवा, टिकटिकणारा रेडिएटर,
खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.
मी मराठीतून वाचायला लागले.
ते अकरा जण ऐकत होते,
जसं आपण बघत बसतो कुणाचे तरी हात,
पोळ्या लाटताना.

'तिला काहीच ऐकू येत नव्हतं'
इथवर आले.
पुढचा शब्द समोर होता,
मीच लिहिलेला, ठसठशीत, चष्म्याशिवाय दिसेलसा.
घसा मिटला.

हेस्टरचा गज तारेच्या बोटभर वर.
ती वाट बघते आहे, हे मला
तिच्या बुटाच्या टोकावरून कळत होतं.
वर बघायचं धाडस नव्हतं.
किती वेळ, माहीत नाही.
पंप दहा-बारा वेळा तरी चालला असेल.

मग ती म्हणाली.
मोठ्याने नाही. ओल्या लोकरीसारख्या
यॉर्कशरच्या त्या जाड आवाजात,
टरीही.
आणि गज टेकला.

सगळ्यांत खालची तार.
ती कानात आधी आलीच नाही,
खुर्चीच्या पायांतून आली, तळव्यांतून.
कुत्र्याने मान उचलली.
उरलेल्या सात ओळी मी वाचल्या असणार,
टाळ्या तरी तशाच वाजल्या.

नंतर चहा, आल्याचा केक.
सटक्लिफ नावाचे एक आजोबा, निवृत्त गवंडी,
बशी सांभाळत जवळ आले:
'तो एक शब्द तिच्या तोंडी देण्याची युक्ती कुणाची?'
मी म्हटलं, ठरलेलं नव्हतं.
'असं कुणाला सांगू नका,' ते म्हणाले
आणि केकचा दुसरा तुकडा घेऊन गेले.

हेस्टर खोलीचं भाडं द्यायला खाली गेली.
मी खुर्च्या एकात एक रचल्या, चोवीसच्या चोवीस.
चेलो पेटीबाहेर कुशीवर पडलेला होता.
गुडघे टेकले. बघितलं, जिन्यात कुणी नाही.
गाल लावला.

थंड लाकूड, राळेचा वास.
त्याच्या पोटात, लांबून,
हवा भरली जात होती एका चाकात.