चौदाशे चाळीस

दहा मीटरवर पांढरी पट्टी, तिथून परत.
कळव्याच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरचा कॉरिडॉर
सकाळी साडेसातला आमचा असतो,
चादरींच्या ट्रॉल्या सुरू होण्याआधी.
दोन्ही घोट्यांवर एकेक डबी, काडेपेटीहून लहान,
एक कमरेला, मणक्याच्या खळगीत.
"डावीकडे घोटा नाही," केणी म्हणाले,
"नळीला बांधा. बोल्ट सोडून."

जनार्दन केणी. वय त्रेसष्ट. डावा, गुडघ्याखाली.
कारण: साखर, आणि नव्या बुटाचा एक फोड.
व्यवसायाच्या रकान्यात मी "निवृत्त" लिहिलं,
ते त्यांनी खोडायला लावलं.
फिटर. मेंटेनन्स. वागळे इस्टेट, एकतीस वर्षं.

"हे काय ऐकतं?"
मी सांगू लागले: वेग कसा बदलतो ते,
सेकंदाला शंभर वेळा...
त्यांनी हात वर केला, पुरे.
"म्हणजे स्क्रूड्रायव्हर.
टोक बेअरिंगवर, मूठ कानाला.
कोरडं पडलेलं बेअरिंग आठवडाभर आधी कळतं.
तो तुम्ही माझ्या पायाला लावलाय."
एवढंच सांगायला माझ्या प्रबंधात
नऊ पानं गेली होती.

कॉरिडॉरमध्ये ते छान चालले.
फारच छान. तपासनीस आल्यावर
वर्ग बसतो तसे दोन्ही पाय.
म्हणून डब्या घरी दिल्या, सात दिवस,
झोपताना चार्जिंगला, अंघोळीला काढायच्या.

घरचा पाय वेगळा.
किसननगरचा जिना: सतरा पायऱ्या, दहावीवर थांबा.
बुधवारी दुपारी डावा एकटाच
दीड तास फिरून आला,
एकही पाऊल नाही, नुसते खड्डे.
(सॉकेट घासायला मुलानं स्कूटरवरून नेला होता.
उजवा तोवर खाटेवरून लोंबकळत, वाट बघत.)

आणि रोज पाचच्या सुमाराला
आठशे चाळीस-पन्नास पावलं,
मग चार मिनिटं काहीच नाही.
काहीच नाही, म्हणजे उजव्यात.
डाव्याच्या रेषेवर बारीक लव, मिसरूड फुटावं तशी,
सेकंदाला चोवीस.
दहाच्या वरचं गाळायचं, असा आमचा नियम;
माणूस इतक्या जलद चालत नाही.
मी गाळलं.
दोन दिवसांनी गाळ परत ओतून घेतला.

फोनवर ते हसले नाहीत.
"चोवीस? साठनं गुणा."
गुणलं.
"चौदाशे चाळीस. मोटार आहे ती.
रोड नंबर सोळाला आमची कंपनी होती, तिथं आता काच,
काचेखाली तळघर, तळघरात पंप.
बेअरिंग जातंय त्याचं. वॉचमनला तीनदा सांगितलं.
मांसाच्या पायाला नाही कळत, मांस पिऊन टाकतं.
हा सरळ वर धाडतो, गुडघ्यापर्यंत."
मग जरा थांबून:
"पाय गेला ते बरं झालं, असं म्हणत नाहीये मी.
तसं लिहू नका."

लिहिलं नाही.
त्या चार मिनिटांना आमच्या तक्त्यात नाव नाही.
चालणं नाही, बसणं नाही, पडणं तर नाहीच.
"उभे" एवढाच पर्याय होता. निवडला.

शुक्रवारी पाचला मी तिथं गेले.
लोखंडी जाळीशेजारी, त्यांनी सांगितलेल्या फरशीवर
दोन्ही पायांनी उभी राहिले.
रिक्षा. झेरॉक्सवाल्याचं यंत्र. बाकी काही नाही.
चप्पल काढली. तरी नाही.
मग छत्री घेतली, वडिलांची, लांब दांड्याची,
टोक फरशीला, मूठ कानाला,
वाकून.

"मॅडम, काय हरवलं का?" वॉचमन.
मी बोट वर केलं,
थांब.