परत आलेली खोकी

पैसे फेब्रुवारीतच आले होते, खात्यात, गुपचूप.
देवस्थळी बाई आल्या जूनमध्ये,
धागा तुटला की माग थांबवणारे
आमचे दोनशे सेन्सर
इचलकरंजीहून परत आले त्या आठवड्यात.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
गाजूल मामांच्या मागापाशी उकिडव्या बसल्या,
एकेक खोकं उघडत.
"तूस शिरलंय रे यात.
बोर्डाला मी सांगते. तू आधी पोरांचे पगार कर."
मग गिरणीतल्या कुणा जुन्या जॉबरला फोन.
"गुरुवारी येतील. माझं नको, त्यांचं ऐक."

मी मान हलवत होतो.
खडखडाटात अर्धं ऐकूच येत नव्हतं.

जाताना मामांकडून दोन टॉवेल घेतले,
वीस रुपयांसाठी
चांगली दहा मिनिटं घासाघीस करून.